कोरड्या दिवशी गटारात काय वाहतं?

वाचकाचं पत्र

बावधनमधली आमची चौसष्ट फ्लॅटची सोसायटी. मागच्या भिंतीला लागून ओढा आहे, तो पुढे रामनदीला मिळतो. दुसरं कुणी तयार होईना म्हणून दोन महिन्यांपूर्वी मला सेक्रेटरी केलं. गेल्या आठवड्यात ओढ्याकाठच्या वस्तीतल्या तीन बायका गेटवर आल्या. म्हणाल्या, ‘तुमच्याकडून फेस येतो, वास येतो, आमची पोरं तिथं खेळतात.’ वॉचमनने त्यांना आत सोडलं नाही. मी मागे जाऊन पाहिलं. पावसाळी गटाराच्या जाळीखाली बाराही महिने थोडं पाणी वाहतच असतं, म्हणे. आमच्याकडे रोज तीस-पस्तीस गाड्या धुतल्या जातात, दोन फ्लॅटमध्ये फरशी बदलण्याचं काम चालू आहे, आणि एक ज्येष्ठ सभासद बुलेटचं ऑइल स्वतः बदलून ते जाळीत ओततात. वास मारायला सफाईवाले फिनेल टाकतात. मीटिंगमध्ये विषय काढला तर उत्तर आलं, ‘गटार महापालिकेचं आहे, टॅक्स भरतो आपण.’ दंड लावावा का? की सरळ आपल्याच सोसायटीची तक्रार करावी? आणि हे सगळं करून याच जिन्यात सगळ्यांना तोंड कसं दाखवायचं?

— एक सेक्रेटरी, बावधन

उत्तर

ताई, तुमच्या पत्रात गाड्या आहेत, फरशी आहे, ऑइल आहे. तुम्ही त्या सगळ्यांवर चिडलेल्या आहात आणि ते बरोबरच आहे. पण एक वाक्य तुम्ही सहज लिहून गेलात, त्याच्यापुढे मी थांबलो: जाळीखाली बाराही महिने थोडं पाणी वाहतच असतं. ‘म्हणे’ असं तुम्ही पुढे जोडलंय. तो ‘म्हणे’ आधी काढून टाका. स्वतः जाऊन पाहा.

मी चौतीस वर्षं ड्रेनेजच्या कामात काढली. त्यातून एकच गोष्ट पक्की शिकलो. पावसाळी गटार पाऊस नसताना कोरडं असलं पाहिजे. संक्रांत होऊन गेली, दिवाळीनंतर पावसाचा थेंब नाही, तरी तिथे पाणी वाहतंय म्हणजे ते आभाळातून आलेलं नाही. ते बहुतेक कुणाच्या तरी घरातून आलंय. गाडी धुण्याचं पाणी तासाभरात वाळून जातं. बाराही महिने वाहणाऱ्या पाण्याला मागे बहुधा नळ असतो.

आधी हे सांगतो की आपल्या इमारतींखाली दोन वेगळ्या वाटा असतात. संडास, बाथरूम आणि स्वयंपाकघराचं पाणी चेंबरमधून ड्रेनेज लाइनमध्ये जातं, तिथून मैलापाणी शुद्धीकरण केंद्राकडे. ते केंद्र किती नीट चालतं हा वेगळा भांडणाचा विषय, पण निदान वाटेत केंद्र आहे. दुसरी वाट पावसाची. गच्चीचं आणि आवाराचं पाणी जाळीतून पावसाळी गटारात, तिथून थेट ओढ्यात. मध्ये काहीही नाही. चाळणी नाही, टाकी नाही, माणूस नाही. तुमच्या जाळीत पडलेलं ओढ्यातून रामनदीत जातं, रामनदी औंधला मुळेला मिळते, मुळा-मुठा पुढे भीमेत जाते आणि भीमा उजनीत. सोलापूरकर ते पाणी पितात. पंढरपुरात त्याच भीमेला आपण चंद्रभागा म्हणतो आणि आषाढीला डोक्यावर घेतो.

गोंधळ होतो तो शब्दामुळे. आपण दोन्हीला गटार म्हणतो. म्हाताऱ्या माणसांना विचारा, तुमच्या मागे ‘ओढा’ होता. महापालिकेच्या कागदावर त्याचा ‘नाला’ झाला. आता सोसायटीच्या तोंडी तो ‘गटार’ आहे. एवढं नाव उतरल्यावर त्यात घाण टाकताना कुणाचा हात कशाला अडेल? तेव्हा मीटिंगमध्ये बोलताना तुम्ही तरी ‘ओढा’ म्हणा. फरक पडतो, मी पाहिलंय.

आता काम. येत्या रविवारी सकाळी सात वाजता मागच्या जाळीपाशी जा. बरोबर एखादा सभासद घ्या, शक्यतो तो टॅक्स भरणारा. पाण्याचा रंग पाहा, वास घ्या, मोबाईलवर वेळेसकट फोटो काढा. मग दहाला जा, दुपारी तीनला जा, रात्री नऊला जा. असं तीन दिवस करा. पाणी स्वतःच सांगतं कुठून आलं ते. सकाळी आठ ते अकरा फेस येतो आणि दुपारी थांबतो, म्हणजे वॉशिंग मशीन. दुधासारखं करडं, तळाला चिखल बसणारं असेल तर फरशी कापण्याचं किंवा सिमेंटचं. सकाळ-संध्याकाळ वाढणारं, काळपट, सडक्या अंड्याचा वास असलेलं असेल तर ड्रेनेज लाइन कुठे तरी फुटून पावसाळी गटारात झिरपतेय, आणि ते तातडीचं आहे. स्वच्छ, बिनवासाचं, रात्रंदिवस सारखंच वाहणारं असेल तर एक तर टाकी ओव्हरफ्लो होतेय, नाही तर पिण्याच्या पाण्याची लाइन गळतेय, नाही तर जमिनीतला झरा आहे. हे ओळखायला ग्रामपंचायतीत पाण्याची ओटी टेस्ट करतात, तीच करा. ओटी म्हणजे ऑर्थोटोलिडीन नावाचं द्रावण, त्याचे दोन थेंब टाकून पाणी पिवळं झालं तर त्यात क्लोरीन आहे, म्हणजे नळाचं. झऱ्याच्या पाण्यात क्लोरीन नसतो. झरा निघाला तर पेढे वाटा.

पाण्यावर इंद्रधनुष्यासारखा तवंग दिसला तर लगेच बुलेटवाल्या काकांवर आळ घेऊ नका. काडी घेऊन तवंग मोडा. काचेसारखे तुकडे होऊन वेगळे राहिले तर ते लोहाच्या जिवाणूंचं काम, साचलेल्या पाण्यात ते आपसूक होतं. काडी काढल्यावर तवंग पुन्हा जुळून आला तर ते तेल.

माझा अंदाज विचाराल तर पैज लावून सांगतो, तुमच्याकडचं मुख्य पाणी वॉशिंग मशीनचं आहे. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत बांधलेल्या पुण्यातल्या निम्म्या इमारतींना हा रोग असावा असं मला वाटतं. मोजलेलं नाही, पण जिथे जिथे झाकण उघडलं तिथे तिथे निघालंय. होतं असं की ड्राय बाल्कनीत, म्हणजे स्वयंपाकघरालगतच्या धुण्याभांड्याच्या बाल्कनीत, बिल्डरने पावसाचं पाणी जायला एक जाळी दिलेली असते, ती बाहेरच्या पावसाच्या पाइपला जोडलेली. मग आपण तिथे मशीन ठेवतो. प्लंबर येतो, मशीनची नळी त्याच जाळीत सोडतो, ‘झालं काम’ म्हणतो आणि चहा पिऊन जातो. नळी कुठे तरी गेली एवढं घरमालकाला पुरे असतं. अशी वीस-तीस घरं झाली की रोज सकाळी साबणाचं पाणी भिंतीवरून उतरून सरळ ओढ्यात. वस्तीतल्या बायकांनी सांगितलेला फेस तो हाच. साबणाच्या पाण्याने माशांचे कल्ले खराब होतात आणि पावडरमधला फॉस्फरस जलपर्णीला खत पुरवतो. पाषाण तलाव हिरव्या गालिच्यासारखा झालेला पाहिलाय ना तुम्ही? त्या जलपर्णीच्या जेवणातला थोडा वाटा ड्राय बाल्कन्यांचा.

आणखी एक वाईट शक्यता आहे. तुमच्याकडे पावसाचं पाणी बोअरमध्ये मुरवण्याची सोय असेल आणि तोच पावसाचा पाइप तिकडे वळवला असेल, तर साबण थेट तुमच्या बोअरमध्ये चाललाय. उन्हाळ्यात टँकर परवडत नाही म्हणून तेच पाणी तुम्ही वर चढवता. मीटिंगमध्ये हे वाक्य सगळ्यात आधी बोला. ओढ्यासाठी न हलणारी माणसं बोअरसाठी हलतात.

खात्री करायची पद्धत सोपी आहे. जिलबीत घालतात तो खायचा केशरी रंग आणा. प्रत्येक उभ्या रांगेतल्या एका घरी जाऊन मशीनच्या नळीपाशी रंगाचं पाणी एक बादली ओता, खाली एकाला जाळीपाशी उभं करा. केशरी पाणी जाळीत उतरलं की वाद संपतो. रंगपंचमीचा रंग मात्र वापरू नका, त्याने दुसरंच प्रदूषण होईल आणि तेवढ्यावरून तुमच्याविरुद्ध बोलायला लोकांना निमित्त मिळेल.

मग प्लंबर म्हणेल, ‘मॅडम, टेन्शन नाही, पावसाचा पाइपच खाली ड्रेनेजच्या चेंबरला जोडून टाकतो.’ ऐकू नका! स्वस्तात पडतं, पण जूनमध्ये गच्चीचं सगळं पाणी ड्रेनेजमध्ये घुसेल आणि चेंबरची झाकणं उचलली जातील. तळमजल्याच्या संडासातून उलटं पाणी येतं ते असंच. पावसाचा पाइप पावसालाच ठेवा. मशीनसाठी प्रत्येक रांगेला वेगळा उभा पाइप टाकून तो ट्रॅपमधून, म्हणजे ड्रेनेजचा वास अडवणाऱ्या पाणी भरलेल्या वळणातून, ड्रेनेज चेंबरला जोडा. एकट्या घराने केलं तर महाग जातं आणि बाहेरून लोंबणाऱ्या नळ्या दिसतात, म्हणून रांगेतल्या सगळ्यांचं एकदम करा. इमारतीच्या रंगकामासाठी परांची बांधणार असाल तर त्याच वेळी करून घ्या. सोसायटीचा स्वतःचा एसटीपी, म्हणजे मैलापाणी शुद्धीकरण प्रकल्प, असेल तर तो चालवणाऱ्याला आधी विचारा, वाढीव साबणाचं पाणी त्याला झेपेल का ते.

गाड्या. इथे मी तुमच्याइतका रागावत नाही. धूळ पुसण्यासाठी पाइप लावून पाणी सोडणं ही मुळात पाण्याची नासाडी आहे, पण धुणाऱ्या मुलांना दोष देऊन उपयोग नाही. गाडी चकाचक हवी ही मालकाची मागणी असते, आणि एका गाडीमागे त्या मुलाला मिळतात किती? त्यांना बोलवा, पाइप बंद, एक बादली आणि दोन फडकी, रोज साबण नाही, असं ठरवा आणि पैसे कमी होणार नाहीत हे मालकांकडून त्यांच्यासमोर वदवून घ्या. बिनसाबणाचं बादलीतलं पाणी झाडांच्या आळ्यात जाऊ द्या. साबणाने धुवायचीच असेल तर महिन्यातून एकदा सर्व्हिस सेंटरला न्यावी.

फरशीचं काम मात्र मी गंभीर धरतो. कटरचं करडं पाणी आणि थापी धुतलेलं सिमेंटचं पाणी फार क्षारयुक्त असतं. गवंड्यांच्या हातांना भेगा पडतात त्या उगाच नाही. ओढ्यात ते जिवंत काही ठेवत नाही. आणि जे ओढ्यापर्यंत पोचत नाही ते तुमच्या पाइपात घट्ट बसतं. एकदा एका इमारतीत आम्ही गटाराचा पाइप फोडला तेव्हा आत अर्ध्या उंचीपर्यंत दगडासारखं सिमेंट निघालं होतं. घरात काम काढायला तुमची परवानगी लागते ना? त्या पत्रातच लिहा: धुण्याचं पाणी दोन पिंपांत भरायचं, रात्रभर निवळू द्यायचं, वरचं पाणी पुन्हा कामाला वापरायचं, तळाचा गाळ सुकवून राडारोड्याच्या गोणीत. अनामत रक्कम आधी घ्या आणि काम संपल्यावर जाळी बघूनच परत करा. रंगाचे ब्रश धुतलेलं पाणीही यातच आलं. मी हे उपदेश म्हणून सांगत नाही. आमचं घर पहिल्यांदा रंगवलं तेव्हा उरलेला डिस्टेंपर मीच, ड्रेनेज खात्यातला माणूस, अंगणातल्या पावसाळी जाळीत ओतला होता. शेजारच्या आजींनी विचारलं, ‘भाऊ, ओढा आज दुधाचा कसा झाला हो?’ अजून आठवलं की कानशिलं तापतात.

आता बुलेटवाले काका. तुमच्या पत्रात सगळ्यात जास्त राग त्यांच्यावर दिसला, आणि सगळ्यात सोपं काम तेच आहे. पण एक अट. त्यांचं नाव सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर घ्यायचं नाही, फोटो टाकायचा नाही. सत्तरीच्या माणसाला चारचौघांत पकडलं की तो आयुष्यभर तेच करतो, आता हट्टाने. त्यांच्या घरी जा. चहा होऊ द्या. बुलेट कोणत्या सालची, ते विचारा. ते म्हणतील, ‘अगं, आमच्या लहानपणी गटारात ऑइल टाकायचे, डास मरतात.’ हे खोटं नाही. मलेरियाच्या साथीत साचलेल्या डबक्यांवर तेल फवारायचे, पाण्यावर तवंग धरला की डासांच्या अळ्यांना श्वास घेता येत नाही. काकांना हे मान्य करा. मग सांगा की ते बंद डबकं होतं, हे वाहतं पाणी आहे; इथे तेल थांबत नाही, ओढ्यात जातं. आणि ज्या गप्पी माशांना आपण अळ्या खायला सोडतो ते त्याने मरतात. डेंग्यूचा डास तर गटारात नसतोच, तो फ्रिजखालच्या ट्रेमध्ये आणि कुंडीखालच्या बशीत असतो. वापरलेलं इंजिन ऑइल कायद्याने घातक कचऱ्यात मोडतं हेही सांगा, पण शेवटी, जाता जाता. ते ओतायचं कुठे? झाकणाच्या कॅनमध्ये साठवून ज्या गॅरेजमध्ये नवं ऑइल घेतात तिथे द्यायचं. बरीच गॅरेजं ते गोळा करून पुनर्वापर करणाऱ्यांना देतात. काकांच्या गॅरेजला आधी फोन करून विचारून ठेवा, म्हणजे त्यांना फक्त ‘बरं’ म्हणायचं काम उरेल. शक्य असेल तर पुढच्या पावसाळ्याआधी जाळ्यांवर लक्ष ठेवायची जबाबदारी त्यांच्याकडेच द्या. बुलेट स्वतः उघडणारा माणूस चेंबरलाही घाबरत नाही.

फिनेल उद्यापासून बंद. वास येतो म्हणजे खाली काही तरी सडतंय. फिनेलने ते सडणं थांबत नाही, फक्त ओढ्यातल्या जिवांना आणखी एक डोस मिळतो. टाकी धुताना वापरलेल्या ब्लीचिंग पावडरचं पाणीही असंच. ते जाळीत सोडू नका, ड्रेनेजमध्ये सोडा.

सफाईच्या मावशींना झाडलेला पाला जाळीत लोटण्याची सवय असेल. सगळीकडे असते, कारण कुणी त्यांना पाटी दिलेली नसते आणि कचराकुंडी पुढच्या गेटला असते. मागे एक मोठा पिंप ठेवा, पाल्याचं खत करा, निर्माल्यही त्यातच जाऊ द्या. आणि आता मी हात जोडून सांगतो: जाळी तुंबली, पाइप तुंबला, तर कुणालाही आत उतरवू नका. ‘दोन मिनिटांचं काम आहे’ म्हणून उतरलेली माणसं परत आलेली नाहीत. तुमच्या पावसाळी गटारात ड्रेनेज झिरपत असेल तर आत तोच सडका वायू असतो, आणि तो जास्त झाला की नाकाची वास घेण्याची ताकदच मारतो. माणसाला वाटतं, वास गेला, आता बरं आहे. ड्रेनेजमध्ये किंवा सेप्टिक टँकमध्ये सुरक्षासाधनांशिवाय माणूस उतरवणं २०१३च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि उतरवणाऱ्यात कंत्राटदाराबरोबर सोसायटीही येते. जेटिंगची गाडी, म्हणजे पाण्याच्या जोरदार माऱ्याने पाइप मोकळा करणारी, मागवा. महापालिकेकडून यायला वेळ लागला तर खाजगी मागवा. पैसे जातील, जाऊ द्या.

एक मोह तुम्हाला होईल, तो आधीच सांगतो. कचरा अडवायचा म्हणून जाळीवर बारीक मच्छरजाळी बसवावीशी वाटेल. उन्हाळ्यात चालेल, मे संपायच्या आत काढा. पहिल्या सरीला ती पाल्याने बंद होते आणि पाणी पार्किंगमध्ये उभं राहतं. २५ सप्टेंबर २०१९च्या रात्री आंबिल ओढ्याने काय केलं ते पुणेकर विसरलेला नाही. वीसहून जास्त माणसं गेली, सोसायट्यांच्या भिंती पत्त्यासारख्या पडल्या. तो पाऊस मोठा होता आणि ओढ्याचा गळा आपणच आवळलेला होता. तुमच्या मागच्या भिंतीलाही ओढा आहे. त्यात पडलेली राडारोड्याची एकेक गोणी म्हणजे पाण्याच्या वाटेतली एकेक पायरी.

दंडाचं विचारलंत. माझं मत, पहिले सहा महिने नको. ‘गाडी धुतल्यास पाचशे रुपये’ असं लिहिलं की काही जण पाचशे रुपये भरून गाडी धुतात आणि वर तुम्हालाच पावती मागतात. त्यांच्या दृष्टीने ती परवान्याची फी होते. आधी पाइप बदला, पिंप ठेवा, कॅन ठेवा, म्हणजे योग्य ते करणं सोपं होईल. एवढं करूनही कुणी मुद्दाम ओतत असेल तर सर्वसाधारण सभेत ठराव करून दंड, आणि तो सगळ्यांना सारखा, चेअरमनसाहेबांनाही.

‘गटार महापालिकेचं आहे’ म्हणणाऱ्या गृहस्थांना एवढंच सांगा. १९७४च्या जलप्रदूषण कायद्यातलं चोविसावं कलम घातक पदार्थ जाणूनबुजून प्रवाहात, विहिरीत, गटारात किंवा जमिनीवर सोडायला मनाई करतं. प्रवाह कशाला म्हणायचं तेही त्या कायद्यात लिहिलंय: पाणी वाहत असो की तात्पुरता कोरडा असो, तो प्रवाहच. तुमचा ओढा फेब्रुवारीत आटला तरी कायद्याच्या लेखी तो ओढा राहतो. महापालिकेचं काम गटार साफ करण्याचं आहे. त्यात काय पडतं ते आवाराच्या आत ठरतं, आणि आवार तुमचं.

म्हणून तक्रारीचं उत्तर हो, करा, पण अर्धी. ड्रेनेज फुटून झिरपत असेल, किंवा वरच्या बाजूच्या एखाद्या हॉटेलचं खरकटं पाणी त्याच गटारात येत असेल, तर क्षेत्रीय कार्यालयात लेखी अर्ज द्या, फोटो जोडा, आवक शिक्का घ्या, मलनिःसारण विभागाच्या कनिष्ठ अभियंत्याला जागेवर बोलवा. अर्जात एक ओळ जास्त लिहा: आमच्या आवारातल्या चुकीच्या जोडण्या आम्ही अमुक तारखेपर्यंत दुरुस्त करत आहोत. सरकारी टेबलावर अशी ओळ क्वचित येते. ती आली की समोरचा माणूस फाइल जरा वर ठेवतो. त्या टेबलामागे मीही बसलोय, मला माहीत आहे. आणि ‘आपल्याच सोसायटीविरुद्ध’ हा प्रश्न त्यामुळे आपोआप सुटतो.

आता गेटवरच्या तीन बायका. तुमच्या पत्रात त्या पहिल्या दोन-तीन ओळींत येतात आणि मग दिसतच नाहीत. वॉचमनने त्यांना आत सोडलं नाही हे तुम्ही लिहिलंत, नंतर तुम्ही त्यांना भेटलात का ते लिहिलं नाहीत. भेटला नसाल तर ही सगळी कामं बाजूला ठेवून आधी तिकडे जा. सोसायटीतले लोक म्हणतील, ‘ओढ्यात कचरा तर वस्तीच टाकते.’ टाकत असेलही थोडा, कारण घंटागाडी तिथपर्यंत जाते की नाही ते कुणी पाहिलंय? पण वॉशिंग मशीनचा फेस वस्तीतून येत नाही. त्या बायकांना रोज सकाळी ओढा दिसतो. किती वाजता फेस येतो, कोणत्या पाइपातून, रविवारी जास्त की सोमवारी, पावसाळ्यात पाणी कुठवर चढतं, हे त्यांना तुमच्या कोणत्याही अभियंत्यापेक्षा चांगलं ठाऊक असणार. त्यांच्याबरोबर ओढ्याच्या काठाने एक चक्कर मारा, तुमच्या पाइपाच्या वरून आणि खालून. वरचं पाणी खालच्यापेक्षा स्वच्छ निघालं तर उत्तर मिळालं. वरचंही तसंच घाण असेल तर वरच्या सोसायट्यांची यादी करा. पुढच्या अर्जावर त्या तिघींच्या सह्या घ्या. घंटागाडीची मागणी त्याच अर्जात घाला.

फलक लावण्यावर माझा फारसा विश्वास नाही. ‘येथे कचरा टाकू नये’ या पाटीखाली सगळ्यात मोठा ढीग असतो, हा पुण्याचा जुना अनुभव. तरी एक करा. मुलांना सुट्टीत एका संध्याकाळी साचा आणि पांढरा ऑइलपेंट देऊन प्रत्येक जाळीशेजारी लिहायला लावा: ‘हे पाणी रामनदीत जातं.’ मुलांनी स्वतः लिहिलेल्या अक्षरांवर त्यांचे आईबाप काही ओतायला जरा बिचकतात. उरलेला रंग कुठे ओतायचा नाही ते मुलांना आधी सांगा, म्हणजे माझ्यासारखं होणार नाही.

वेळेचं गणित असं. मेच्या शेवटी वळीव येतो. आठ महिन्यांची धूळ, टायरची झीज, ऑइलचे डाग, सिगारेटची थोटकं, सगळं पहिल्या दोन सरींत ओढ्यात उतरतं आणि मासे मेले की आपण वर्तमानपत्रात फोटो बघतो. म्हणून मेच्या मध्यात पार्किंग कोरडं झाडून घ्या. पाण्याने धुऊ नका, धुतलं तर तेच सगळं पावसाआधीच तुम्ही स्वतः ओढ्याला पाठवाल. ऑइलच्या डागांवर लाकडाचा भुसा पसरा, दोन दिवसांनी भरून टाका. पाइपचं काम त्याआधी व्हायला हवं, म्हणजे हातात सुमारे चार महिने आहेत आणि त्यातला एक मीटिंगांत जाणार, हे धरून चाला.

जिन्यात तोंड कसं दाखवायचं, हे राहिलंच. पहिला महिना त्रास होईल. कुणी ‘आल्या गटारवाल्या बाई’ म्हणेल. मला चौतीस वर्षं म्हणत होते. केशरी पाणी जाळीत उतरताना दहा जणांनी एकत्र पाहिलं की तुमचं निम्मं काम झालं, कारण त्यानंतर तुमचं बोलणं नुसतं मत राहत नाही. म्हणून रंग ओताल तेव्हा जास्तीत जास्त लोकांना खाली बोलवा. शनिवारी संध्याकाळी करा, भेळ ठेवा.

रविवारी सात वाजता पाणी कोणत्या रंगाचं होतं ते मला कळवा. दुपारी तीनचंही.